कालरेषेवरच्या खुणा

मुलांनो, तुमच्या मोठ्या वर्गासाठी आम्ही काही पालकांनी संगणकावर शिवचरित्राची एक कालरेषा तयार केली आहे. ब्राउझरमध्ये ती उघडायची, डावीकडून उजवीकडे सरकवायची आणि एखाद्या घटनेवर टिचकी मारली की दोन ओळींची माहिती वाचायची. प्रत्येक घटनेला आम्ही एक गोल ठिपका दिला होता: लढाई लाल, तह हिरवा, समारंभ निळा. पडद्यावर हे झकास दिसत होते. मग या अंकात छापण्यासाठी तिची झेरॉक्स प्रत काढली आणि सगळे ठिपके एकाच राखाडी रंगाचे झाले! १६५९ ची प्रतापगडची लढाई आणि १६६५ चा पुरंदरचा तह यांत काही फरकच उरला नाही. ती प्रत पाहून एकाने विचारले, "पुरंदरला आपण जिंकलो का?" आता ज्या तहात तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्याविषयी असा प्रश्न यावा, ही चूक विचारणाऱ्याची नव्हे, आमची.

यात झेरॉक्स यंत्राचाही दोष नाही. लाल आणि हिरवा सारखेच गडद असतील तर राखाडी छटेत ते एकच दिसणार. शिवाय काही माणसांना लाल-हिरव्यातला फरक मुळातच नीट कळत नाही. युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण बारांत एकाला असा रंगांधळेपणा असतो, स्त्रियांत तो बराच कमी आढळतो. म्हणूनच वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १९९९ च्या मार्गदर्शक नियमांत सांगितले होते, की अर्थ नुसत्या रंगावर सोपवू नका. आम्हाला हा नियम ठाऊक होता. ठाऊक असणे आणि पाळणे यांतले अंतर पालकांनी मुलांना समजावून सांगायची गरज नसावी!

तेव्हा रंग बाजूला ठेवून आम्ही पुन्हा बसलो. पहिला प्रश्न: घटना एका दिवसाची की पुष्कळ दिवसांची? इथे थोडे गणित करू. १६३० ते १६८० ही पन्नास वर्षे हजार पिक्सेलच्या (पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा बारीक बिंदू) रुंदीत बसवली, तर एका वर्षाला वीस पिक्सेल येतात. सिद्दी जौहरचा पन्हाळ्याचा वेढा मार्च ते जुलै १६६० असा चार महिन्यांहून अधिक चालला. त्याच्या वाट्याला सात-आठ पिक्सेल. आणि आमचा ठिपका होता बारा पिक्सेलचा, म्हणजे सात महिन्यांएवढा रुंद! अफजलखानाची भेट एका दिवसाची, पण आमच्या चित्रात ती पन्हाळ्याच्या वेढ्यापेक्षा लांब दिसत होती.

उपाय साधा निघाला. एका दिवसाच्या घटनेसाठी त्या तारखेवर उभी, बारीक काठी आणि तिच्या टोकाला खूण. काठी कुठे रोवली आहे ते पाहायचे, खुणेची रुंदी मोजायची नाही. लांबलेल्या घटनेसाठी मात्र रेषेला समांतर आडवी पट्टी, खऱ्या मापाची. काठीवरची खूण आकाराने ओळखायची: लढाईला त्रिकोण, तहाला चौकोन, समारंभाला गोल. वेढ्याच्या पट्टीत तिरप्या रेघा, बाकीच्या पट्ट्या कोऱ्या. रंग ठेवले आहेत, पण ते नुसते मदतीला. सुरुवातीला आम्ही नऊ आकार काढले होते. मुलांचे अर्धे लक्ष वरच्या खूणसूचीतच अडकू लागले, तेव्हा ते कमी केले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. तारीखच वादाची असेल तर? महाराजांचे जन्मसाल पूर्वी अनेक पुस्तकांत १६२७ दिलेले असे. जेधे शकावलीतल्या नोंदीवरून १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख येते आणि महाराष्ट्र शासनाने तीच मान्य केली आहे. यासाठी आम्ही एका जुन्या माणसाची युक्ती घेतली. ऑक्सिजनच्या शोधात ज्यांचे नाव तुम्ही वाचता, त्या जोसेफ प्रिस्टलींनी १७६५ साली सुमारे दोन हजार व्यक्तींच्या आयुष्यांचा एक मोठा तक्ता काढला होता. प्रत्येक आयुष्याची एक आडवी रेघ. खात्रीच्या काळासाठी सलग रेघ आणि शंका असेल तिथे ठिपके. संगणकाच्या दोनशे वर्षे आधी हे त्यांना सुचले होते! आम्हीही १६३० वर सलग काठी उभी केली आणि तिथून मागे १६२७ पर्यंत तुटक रेघ ओढली.

ज्या पालकांना आतली रचना पाहायची असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. घटनेच्या नोंदीत आम्ही आता रंग किंवा आकार लिहीत नाही. तारीख, शेवटची तारीख, प्रकार आणि खात्री एवढेच लिहितो. कोणत्या प्रकाराला कोणती खूण, हे एकाच वेगळ्या फाइलमध्ये असते. त्यामुळे चौकोन बदलायचा झाला तर एक ओळ बदलायची, सगळ्या नोंदी चाळायला नकोत.

पण खरा वेळ गेला तो प्रकार ठरवण्यात. आग्रा ही कोणती घटना? वाद घालून शेवटी दोन घटना केल्या. मे १६६६ पासूनच्या मुक्कामाची आणि नजरकैदेची एक कोरी पट्टी, आणि तिच्या शेवटी, १७ ऑगस्टला, सुटकेची काठी. तिच्यावर मुलांनी पेटारा काढायला लावला. सूचीत एक आकार वाढला, पण तो कोणाला समजावून द्यावा लागत नाही. पुरंदरलाही आधी वेढ्याची पट्टी आणि ती जिथे संपते तिथे, जून १६६५ मध्ये, तहाचा चौकोन. आता झेरॉक्स प्रतीतसुद्धा दिसते की हा तह वेढा पडल्यावर झाला.

सुरतेपाशी, म्हणजे १६६४ आणि १६७० ला, आम्ही अजून अडलो आहोत. त्रिकोण दिला तर ती लढाई ठरते, आणि नुसती लढाई ती नव्हती. तूर्त तिथे रिकाम्या काठ्या उभ्या आहेत. मुलांनो, तुम्हाला कोणती खूण योग्य वाटते ती वहीत काढून पुढच्या वर्गाला आणा. काळ्या पेन्सिलीने काढा, रंगीत नको.