अमेरिकेत विद्यापीठांच्या दारात इमिग्रेशनचे अधिकारी : प्राध्यापक काय करतायत? घरच्यांनी काय लक्षात ठेवावं?

आता तालुक्याच्या गावातूनही पोरं एम.एस. करायला अमेरिकेत जातात. कुणी कर्ज काढतं, कुणी जमीन गहाण ठेवतं. २०२३-२४ या वर्षात तिथे ३ लाख ३१ हजारांहून जास्त भारतीय विद्यार्थी शिकत होते. परदेशी विद्यार्थ्यांत भारताचा नंबर पहिला होता. त्यामुळे तिथल्या विद्यापीठांत इमिग्रेशनवाल्यांची धरपकड सुरू झाली की इथे घरच्यांची झोप उडते. नेमकं काय चाललंय आणि पोरांना शिकवणारे प्राध्यापक काय करू शकतात, ते समजून घेऊ.

झालं काय?

परदेशी लोकांवर कारवाई करणाऱ्या अमेरिकी खात्याला आयसीई म्हणतात. शाळा, कॉलेज, दवाखाना, प्रार्थनास्थळ अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करू नये, अशी या खात्याला जुनी सूचना होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने ती काढून टाकली.

८ मार्च २०२५ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या महमूद खलील यांना अटक झाली. १७ मार्चला जॉर्जटाऊन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सूरी यांना आणि २५ मार्चला टफ्ट्स विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या तुर्कीच्या रुमेसा ओझतुर्क यांना धरलं. ओझतुर्क यांनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर सहलेखिका म्हणून लेख लिहिला होता. तिघांवर हमासची बाजू घेतल्याचा आरोप सरकारने केला, पण फौजदारी गुन्हा एकावरही नव्हता. पुढे कोर्टाच्या आदेशाने तिघंही सुटले.

त्याच एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांची नोंद ‘सेविस’ या सरकारी यादीतून अचानक रद्द झाली. खटले दाखल झाल्यावर महिनाअखेरीस सरकारने नोंदी परत सुरू करण्याचं मान्य केलं.

कागद कोणता, ते आधी बघा

प्राध्यापक आणि कर्मचारी पहिली गोष्ट शिकतायत ती कागद ओळखायची. वॉरंट दोन प्रकारचं असतं. एक न्यायाधीशाच्या सहीचं, दुसरं खात्याच्याच अधिकाऱ्याच्या सहीचं. आपल्याकडे कार्यालयाची नोटीस आणि कोर्टाचा हुकूम यात फरक असतो, तसंच हे.

खात्याच्या वॉरंटवर माणसाला रस्त्यावर किंवा मोकळ्या आवारात अटक करता येते. पण हॉस्टेलची खोली, कुलूपबंद लॅब, प्राध्यापकांचं ऑफिस अशा खासगी जागेत परवानगीशिवाय शिरायला न्यायाधीशाच्या सहीचा कागद लागतो, असं विद्यापीठं सांगतात. म्हणून प्राध्यापकांना सूचना असते की स्वतः दार उघडून देऊ नका, विद्यापीठाच्या वकिलाला फोन करा.

दुसरी गोष्ट माहितीची. १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याच्या नोंदी खासगी आहेत. अमुक पोरगा कुठल्या वर्गात बसतो, असं कुणी विचारलं तर प्राध्यापकाने परस्पर सांगायचं नसतं. मात्र व्हिसावरच्या विद्यार्थ्याचा पत्ता, प्रवेश, हजेरी ही माहिती विद्यापीठाला सरकारला कळवावीच लागते. तिथे लपवाछपवी चालत नाही.

प्राध्यापक कोर्टात गेले

अमेरिकेतल्या प्राध्यापकांची संघटना १९१५ पासून काम करते. तिने २५ मार्च २०२५ ला सरकारविरुद्ध खटला भरला. जुलैमध्ये सुनावणी झाली. स्वतः परदेशी असलेल्या प्राध्यापकांनी साक्ष दिली की भीतीपोटी आम्ही लिहिणं, प्रवास करणं कमी केलं.

३० सप्टेंबरला न्यायाधीश विल्यम यंग यांनी निकाल दिला : कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसालाही बोलण्याचं तेवढंच स्वातंत्र्य आहे आणि सरकारने ते मोडलं. सरकारला हा निकाल पटलेला नाही. टफ्ट्स विद्यापीठाने तर कोर्टात लेखी दिलं होतं की ओझतुर्क यांच्या लेखाने आमचा कुठलाच नियम मोडला नाही.

मर्यादा काय?

प्राध्यापक अटक थांबवू शकत नाही. अधिकाऱ्याला अडवलं किंवा कुणाला लपवलं तर तोच गुन्ह्यात अडकतो. त्याच्या हातात कागद तपासणं, वकील गाठून देणं, कोर्टात बाजू मांडणं एवढंच आहे. पण माणूस कुठे नेलाय हे लवकर कळलं आणि वकील वेळेत उभा राहिला तर फार फरक पडतो. ओझतुर्क यांना मॅसॅच्युसेट्समधून लुईझियानात नेलं होतं. घरापासून इतक्या लांब गेलेल्या माणसाला वकील शोधणंही अवघड होतं.

घरच्यांनी हे करून ठेवा

• पासपोर्ट, व्हिसा, आय-२० आणि आय-९४ यांच्या प्रती घरीही ठेवा. आय-९४ ची प्रत पोराने सोबत बाळगावी.
• विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा आणि गाईडचा फोन नंबर लिहून घ्या.
• व्हिसा रद्द होणं आणि विद्यार्थी म्हणून नोंद रद्द होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेल आला की घाबरून लगेच परत निघू नका, आधी वकिलाला विचारा.
• अटक झाली तर गप्प राहण्याचा आणि भारतीय दूतावासाला कळवा म्हणण्याचा हक्क आहे. खोटं बोलू नये, सही घाईत करू नये. इमिग्रेशन कोर्टात सरकार फुकट वकील देत नाही.
• माणूस कुठे ठेवलाय ते आयसीईच्या वेबसाइटवर नाव आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर इथूनच तक्रार करता येते.
• ‘इमिग्रेशन ऑफिसमधून बोलतोय, पैसे भरा नाहीतर पोराला उचलतो’ असा फोन आला तर ठेवून द्या. फोनवर पैसे मागणारा हमखास भामटा असतो.