बॉनेटखालचा ओला स्पंज

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोक नावाचं डोंगराळ गाव आहे. हिवाळ्यात तिथल्या गॅरेजांमध्ये संध्याकाळी स्नोमोबाईल निथळत उभ्या असतात. गुलमर्गला गेलेले मराठी पर्यटक ज्या ‘स्नो बाईक’वर फेरी मारून येतात, तीच ही गाडी: पुढे दोन स्की, मागे रबरी पट्टा. दिवसभर भुसभुशीत बर्फ तुडवून आलेल्या गाडीचं बाजूचं पॅनेल उघडलं, की आतून चिकटवलेला करडा फोम दिसतो. त्यावर अंगठा दाबावा, तर पाणी मनगटापर्यंत ओघळतं. मग प्रश्न पडतो: कंपनीने लावलेला हा फोम खरवडून टाकावा का?

फोम काढा म्हणणाऱ्यांचा पहिला मुद्दा वजनाचा. ४० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि १ सेंटिमीटर जाड तुकड्याचं आकारमान १.२ लिटर भरतं. उघड्या छिद्रांच्या फोममध्ये बहुतेक जागा हवेचीच असते, त्यामुळे असा तुकडा पुरता भिजला तर किलोभर पाणी सहज धरून ठेवतो. डोंगरात चालवायच्या गाडीचं कोरडं वजन साधारण २०० किलो असतं, आणि त्यातले दोन किलो कमी करायला हौशी मंडळी हलक्या सुट्या भागांवर बख्खळ पैसे खर्च करतात. त्यांना ही फुकटची ओली घोंगडी कशी परवडणार? त्यातून गॅरेज थंड असेल तर रात्रीत पाण्याचा बर्फ होतो आणि सकाळी तोच बोजा घेऊन गाडी पुन्हा चढाला लागते.

दुसरी भीती आगीची. हा फोम बहुधा पॉलियुरेथेनचा असतो. त्यात गळतीचं तेल किंवा पेट्रोल मुरलं, तर तो दिव्याच्या वातीसारखा पेटू शकतो. ओलाव्याने गोंद सुटला की लोंबणारा तुकडा तापलेल्या एक्झॉस्ट पाइपला टेकतो, नाहीतर फिरत्या क्लचमध्ये ओढला जातो. उन्हाळाभर गाडी झाकून ठेवली, तर उंदीर याच फोमचा भुगा करून घरटं बांधतात.

एवढं ऐकून हात खरवडणीकडे जाण्याआधी हा फोम लावलाच का, तेही पाहायला हवं.

जोसेफ-आर्माँ बोंबार्दिए यांची ‘स्की-डू’ ही स्नोमोबाईल १९५९ मध्ये बाजारात आली. साठच्या दशकात या गाड्यांचा गोंगाट ५० फुटांवरही १०० डेसिबलच्या पुढे जाई. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत पूर्ण वेगातल्या गाडीसाठी त्याच अंतरावर ७८ डेसिबलची मर्यादा आली. हा उतार मुख्यतः सायलेन्सरने घडवला. पण इंजिनाची खडखड, हवा ओढण्याचा सुसाट आणि क्लचची किणकिण पॅनेलमागेच अडवायचं काम फोम करतो. आवाजाने हलणारी हवा त्याच्या बारीक छिद्रांत घासली जाते आणि त्या ऊर्जेची किंचितशी उष्णता होते. पातळ प्लॅस्टिकचं ढोलासारखं घुमणंही त्याने दबतं. खर्जातली धडधड मात्र एवढ्याशा जाडीला जुमानत नाही. म्हणून फोम काढल्यावर जाणवते ती वाढलेली तीक्ष्ण किणकिण.

हा आवाज चालवणाऱ्यापुरता राहत नाही. उत्तर अमेरिकेत स्नोमोबाईलच्या कित्येक वाटा खासगी शेतांतून, मालकाच्या संमतीने जातात. गोंगाट असह्य झाला की मालक संमती काढून घेतो. कॅनडातल्याच क्वेबेक प्रांतात एका जुन्या रेल्वेमार्गावरच्या वाटेशेजारच्या रहिवाशांनी आवाज आणि धुराविरुद्ध दावा लावला, आणि २००४ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्या वाटेच्या एका टप्प्यावर स्नोमोबाईलना बंदी आली.

शिवाय सगळे तुकडे सारखे नसतात. एक्झॉस्टसमोरच्या तुकड्यावर चांदीसारखा चकचकीत थर असतो. पाइपची धग तो परत फेकतो. तो काढला तर प्लॅस्टिक मऊ पडतं, बाहेरच्या स्टिकरला फोड येतात. हवा घेण्याच्या तोंडाशी असलेली फोमची पट्टी तर गॅस्केटच असते. ती नसेल तर बॉनेटखालची गरम, विरळ हवा इंजिनात शिरून ताकद घटते, किंवा उडता भुसभुशीत बर्फ थेट आत जातो.

तेव्हा उत्तर पॅनेलगणिक बदलतं. आखीव वाटांवर कोरड्या बर्फात फिरणाऱ्याने फोमला हात लावण्याचं कारण नाही. डोंगरात रोज गाडी बर्फात पुरणाऱ्याने धगीपासून दूर असलेला, सतत भिजणारा तुकडा काढावा. चकचकीत थराचा तुकडा आणि हवेच्या तोंडाची पट्टी ठेवावी. तेल मुरलेला किंवा लोंबणारा फोम कुठलाही असो, तो बदलावाच. त्या जागी बंद छिद्रांचा, पाणी न पिणारा फोम लावता येतो. मात्र तो आवाज तितका शोषत नाही.

काढताना सुरीची घाई नको. हेअर ड्रायरने गोंद ऊबदार करून प्लॅस्टिकच्या पट्टीने फोम सावकाश उचलावा. उरलेला गोंद पुसताना जपावं: ॲसिटोनसारखे द्रावक काही प्लॅस्टिकांना खातात. निघालेला तुकडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ओला असतानाच ठेवावा, मग दोन दिवस हीटरजवळ वाळवून पुन्हा. दोन्ही आकडे जवळपास सारखेच आले, तर गाडी जड वाटण्याचं कारण दुसरीकडे शोधावं लागेल. बहुधा ते सीटखाली किंवा मागच्या पट्ट्यावरच्या बोगद्यासारख्या पोकळीत गोठलेल्या बर्फात सापडेल.