पहारेकऱ्यांच्या खोलीतली प्रयोगशाळा

बारावीच्या मुलामुलींच्या प्रॅक्टिकलच्या वह्या आम्ही पाहतो. अक्षर सुरेख, आकडे अचूक; पण टेस्ट ट्यूबला कित्येकदा हातच लागलेला नसतो! वहीवरून वही उतरते. म्हणून जर्मनीतल्या गीसेन शहराची ही हकिकत सांगावीशी वाटली.

तिथले विद्यापीठ १६०७ सालचे. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग हा अवघ्या २१ वर्षांचा तरुण तिथे रसायनशास्त्र शिकवायला आला. वडील रंग आणि रसायने विकत. त्यामुळे लहानपणापासून हात त्यातच. त्या काळी बहुतेक ठिकाणी उस्ताद बोलत, फार तर एखादा प्रयोग करून दाखवत आणि शागिर्द ऐकत. लीबिगला काचनळ्या मुलांच्या हातात द्यायच्या होत्या. औषधवाले आणि साबणवाले घडवणे हे आपले काम नव्हे, असा विद्यापीठाचा सूर होता. मग त्याने सहकाऱ्यांना घेऊन खासगी वर्ग काढला. जागा कुठली? बराकीतली, पहारेकऱ्यांची!

१८३१ मध्ये त्याने पाच फुग्यांचे काचेचे एक छोटे उपकरण बनवले. पदार्थ जाळायचा, निघणारा कार्बन डायऑक्साइड त्या फुग्यांतल्या पोटॅशच्या द्रावणात शोषू द्यायचा आणि उपकरणाचे वजन आधी व नंतर करायचे. वाढलेल्या वजनावरून पदार्थात कार्बन किती ते कळे. निष्णात माणसाचे किचकट काम आता विद्यार्थीही करू लागला. शिकणे आणि संशोधन वेगळे उरलेच नाही.

या उपकरणाचे जर्मन नाव ‘कालि-आपाराट’. ‘कालि’ म्हणजे पोटॅश, आणि तो शब्द आला अरबी ‘अल-कली’वरून, म्हणजे वनस्पतींची राख. पाठ्यपुस्तकातला ‘अल्कली’ तोच. राखेने भांडी घासणाऱ्या आपल्या नानी-दादींना तिचा गुण पुस्तकाविना ठाऊक होता!

गीसेनला देशोदेशीची मुले येऊ लागली. केकुले आला होता वास्तुशास्त्र शिकायला. लीबिगची व्याख्याने ऐकून रसायनाकडे वळला. पुढे बेंझीनच्या कड्याची रचना त्यानेच मांडली. हॉफमन १८४५ मध्ये लंडनला शिकवायला गेला. त्याचा शागिर्द पर्किन याने १८५६ मध्ये, अठराव्या वर्षी, जांभळा कृत्रिम रंग बनवला.

लीबिगच्या त्या खोलीत मुलींना मात्र जागा नव्हती. आज आपल्या लेकी सायन्सला हक्काने जातात. त्यांच्या कॉलेजात लॅबचे दार आठवड्यातून किती वेळा उघडते, हे अम्मी-अब्बांनी एकदा जाऊन विचारावे.

१८५२ मध्ये लीबिग म्युनिकला गेला. गीसेनच्या विद्यापीठाला आता त्याचे नाव आहे आणि ती जुनी प्रयोगशाळा संग्रहालय म्हणून जपली आहे.