चोवीस अंशांचा प्रश्न

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी एक विचार जाहीरपणे मांडला. वातानुकूल यंत्रांचे तपमान २० अंश सेल्सिअसच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येऊ नये, अशी मर्यादा यंत्रांनाच घालण्याचा तो विचार होता. त्यावर सुशिक्षित वर्गात जी प्रतिक्रिया उमटली ती अपेक्षितच होती. घर आमचे, बिल आम्ही भरणार. मग आमच्या खोलीत थंडावा किती असावा हे ठरविणारे सरकार कोण? प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु बिल भरले की त्या थंडाव्याची सारी किंमत चुकती झाली, हे त्यामागील गृहीतच तपासून पाहण्याजोगे आहे.

वादाच्या केंद्रस्थानी असलेले साधन आहे थर्मोस्टॅट, म्हणजे तपमान-नियंत्रक. खोलीच्या थर्मोस्टॅटची कथा एका शिक्षकाच्या वैतागापासून सुरू होते, हे शिक्षकवर्गाला ऐकून बरे वाटेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक होते. हिवाळ्यात शाळेचा शिपाई वर्गावर्गात शिरून तापमापक पाही आणि मग तळघरात जाऊन गरम हवेच्या झडपा कमी-जास्त करी. शिकविण्यात होणारा हा व्यत्यय टाळण्यासाठी जॉन्सन यांनी वर्गातील तपमानाची खबर परस्पर तळघरात पोहोचविणारे विद्युत साधन तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. उष्णता किती हवी हे एकदा सांगून ठेवावे आणि आपल्या कामाला लागावे, हा त्यामागील हेतू. दर दहा मिनिटांनी रिमोटशी खेळणारे आपण तो हेतूच विसरलो आहोत.

नळ नव्हे, पहारेकरी

विलेट केम्प्टन या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक मार्मिक निरीक्षण नोंदविले. अनेक लोक थर्मोस्टॅटला पाण्याच्या नळासारखे समजतात. जितका अधिक फिरवावा तितका प्रवाह अधिक, अशी त्यांची समजूत असते. वस्तुतः तो नळ नसून पहारेकरी आहे. ठरलेले तपमान आले की त्याने यंत्राला थांबवायचे किंवा मंद करायचे, एवढेच त्याचे काम. उन्हातून घरी आल्यावर आपण आकडा १६ वर आणतो, तेव्हा हीच चूक करतो. खोली तापलेली असताना यंत्र आपल्या पूर्ण ताकदीनेच चालत असते. १६ चा आकडा लावल्याने २४ अंश लवकर येत नाहीत. फरक पडतो तो पुढे. आपण विसरून झोपी जातो, यंत्र राबत राहते आणि पहाटे आपणच पांघरूण शोधू लागतो.

दुसरा गैरसमज असा की बाहेर जाताना यंत्र चालू ठेवणेच स्वस्त पडते, कारण तापलेली खोली पुन्हा थंड करण्यास अधिक वीज लागते. पदार्थविज्ञानाचा प्राथमिक नियम याच्या विरुद्ध आहे. भिंती-खिडक्यांतून आत येणारी उष्णता ही आतल्या आणि बाहेरच्या तपमानातील फरकाच्या प्रमाणात असते. खोली जितका वेळ थंड ठेवावी, तितका वेळ ही आवक अधिक वेगाने चालू राहते आणि तितकी ती उपसावी लागते. बाहेर ३६ अंश असताना आत १८ ठेवले तर हा फरक १८ अंशांचा होतो. २६ ठेवले तर तो १० वर येतो. आकडा एका अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. त्याच आधारे तारांकित घरगुती यंत्रे जानेवारी २०२० पासून मुळातच २४ अंशांवर लावून विकावीत, असा नियम झाला.

एखाद्या कारकुनाच्या घरात रात्री सहा तास यंत्र चालते आणि ते तासाला सरासरी एक युनिट घेते असे धरले, तर महिन्याला १८० युनिटे होतात. २० ऐवजी २४ अंश ठेवल्यास त्यातील सुमारे ४० वाचतात. आपल्याकडे घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे वाचणारी युनिटे ही वरच्या, महाग टप्प्यातील असतात, हेही ध्यानात घ्यावे.

सुख कशात आहे?

या काटकसरीसाठी सुखाचा बळी द्यावा लागतो काय? तसे मुळीच नाही. डेन्मार्कचे संशोधक ओले फँगर यांनी १९७० मध्ये दाखवून दिले, की शरीराला वाटणारे सुख केवळ हवेच्या तपमानावर अवलंबून नसते. हवेतील दमटपणा, वाऱ्याची झुळूक, भोवतालच्या भिंतींची धग, अंगावरचे कपडे आणि चाललेले काम या सर्वांचा तो मिळून परिणाम असतो. यंत्र २६ किंवा २७ अंशांवर ठेवून छताचा पंखा मंद फिरविला, तर शरीराला ते दोन-तीन अंशांनी कमी भासते. दीड टनाचे यंत्र भर वेगात दीड हजार वॅटच्या आसपास वीज ओढते. पंख्याला पाऊणशे वॅट पुरतात, नव्या पद्धतीच्या पंख्याला त्याच्याही निम्मे. मुंबई-कोकणातील खरा त्रास घामाचा आहे. तेथे यंत्राने हवा कोरडी केली तरी पुष्कळ झाले. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तर वाळ्याचा कूलर आजही आपले काम चोख बजावतो. लहान मूल, आजारी माणूस, वृद्ध यांच्या गरजा निराळ्या असू शकतात, हे अर्थातच मान्य केले पाहिजे.

आणि अतिथंडावा हे सुख तरी आहे काय? परवा ऐन मे महिन्यात एका बँकेत जाण्याचा प्रसंग आला. खिडकीपलीकडील बाईंनी स्वेटर घातला होता. शेजारचे गृहस्थ मफलर गुंडाळून बसले होते. विचारले तेव्हा कळले की यंत्राचा आकडा साहेबांच्या केबिनमधून ठरतो. बाहेर माणसे उन्हाने हैराण आणि आत पगारी माणसे थंडीने, ही चैन कोणाची म्हणायची?

बाहेर टाकलेली उष्णता

वातानुकूल यंत्र उष्णता नाहीशी करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून, तीत स्वतःला लागलेल्या विजेची भर घालून, ते ती बाहेर टाकते. ती जाते शेजारच्या चाळीच्या गॅलरीत, फुटपाथवर, ज्याच्याकडे पंखाच आहे त्याच्या खिडकीत. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटवर गेली. सूर्य मावळल्यानंतर शयनगृहांतील यंत्रे सुरू होतात तेव्हा सौर वीज उपलब्ध नसते. भार पडतो तो चंद्रपूर, कोराडी, परळी येथल्यासारख्या कोळशाच्या भट्ट्यांवर. पुरवठा अपुरा पडला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्राच्या खेड्यांनी भारनियमनाच्या वर्षांत तासन् तास अंधारात बसून अनुभवले आहे. ही किंमत कोणाच्याच बिलात लिहिलेली नसते.

इतर देशांचा अनुभव येथे उपयोगी पडावा. अध्यक्ष कार्टर यांनी फेब्रुवारी १९७७ मध्ये अंगात स्वेटर घालून दूरचित्रवाणीवरून देशाला थर्मोस्टॅट उतरविण्याचे आवाहन केले. पुढे १९७९ मध्ये कचेऱ्यांवर तपमानाचे निर्बंध आले. १९८१ मध्ये सत्ताबदल होताच ते उठले. जपानने २००५ मध्ये वेगळी वाट धरली. कचेऱ्यांत २८ अंश ठेवा असे सांगताना सरकारने प्रथम कोट आणि टाय उतरविण्याची मुभा दिली, मंत्र्यांनीही तो पोशाख केला आणि लोकांना ते पटले. उपदेशापेक्षा सोय आणि उदाहरण अधिक टिकते, हा त्यातील धडा.

म्हणून २० अंशांच्या मर्यादेला विरोध करण्याचे कारण दिसत नाही. पण तिच्यावर समाधान मानणेही योग्य नव्हे. आरंभ मंत्रालये, बँका, मॉल आणि चित्रपटगृहे यांच्यापासून व्हावा. काचेच्या भिंती उभारून मग त्यामागे यंत्रे राबविणाऱ्या इमारतींना जाब विचारला जावा. घरांत मात्र फर्मानापेक्षा समज अधिक कामाची. शाळेतील विज्ञानाच्या तासाला मुलांनी घरच्या यंत्राचा आकडा आणि मीटरचे युनिट महिनाभर लिहून आणले, तर उष्णतेच्या वहनाचा धडा त्यांना जन्मभर पुरेल. सरकारने आमच्या खोलीत डोकावू नये, हा आग्रह रास्तच आहे. मात्र आमच्या खोलीतील उष्णता दुसऱ्याच्या खोलीत जाते याचे भान ठेवणाऱ्यालाच तो शोभेल.