बारमधली टीप : कुठे रिवाज, कुठे अडचण

न्यूयॉर्कच्या बारमध्ये बिअर समोर आली की गिऱ्हाईक एखादा डॉलर काउंटरवर ठेवतं. बिल शेवटी एकदम भरलं, तर १५ ते २० टक्के वर.

यामागे पगाराचं गणित आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार टीप मिळणाऱ्या कर्मचाऱ्याला मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात. हा आकडा १९९१पासून हललेला नाही. टीप धरूनही कमाई ७.२५ डॉलरपर्यंत पोचली नाही, तर फरक मालकाने भरायचा. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत मालकांना ही सवलत नाही. तिथे किमान वेतन पूर्ण द्यावं लागतं आणि टीप त्याच्यावर.

लंडनच्या पबमध्ये पैसे मोजायचे आणि ग्लास उचलायचा, एवढंच. खूश झालेलं गिऱ्हाईक फार तर ‘तुझ्यासाठीही एक घे’ म्हणतं. बारवाला बहुधा तेवढे पैसे बाजूला ठेवतो. ऑक्टोबर २०२४पासून तिथल्या मालकांना कर्मचाऱ्यांच्या टीपेत हात घालायला कायद्यानेच बंदी आहे.

फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो; उठताना लोक फार तर सुटी नाणी ठेवतात.

जपानमध्ये टीप दिली, तर बारवाला अवघडतो, विसरलेले पैसे समजून परतही आणून देतो. मात्र तिथल्या इझाकाया नावाच्या पबमध्ये न मागता एक छोटी खाण्याची वाटी येते आणि तिचे पैसे बिलात लागतात.

मुंबई-पुण्यात अनेक बार बिलातच सेवाशुल्क लावतात. ते सक्तीने घेता येणार नाही, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५मध्ये दिला.