दम्याचा पंप: सवयीची भीती आणि सवयीचा दोष

श्वासनळीत काय होतं

दमेकऱ्याच्या श्वासनळ्यांना आतून सूज असते, त्रास नसतानाही. मग धूळ, सर्दी, थंड हवा, उदबत्तीचा धूर असं काही निमित्त झालं की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साचतो आणि छाती शिट्टीसारखी वाजू लागते.

गोळी की पंप?

आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या सालब्युटामॉलची गोळी 2 ते 4 मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबातून तेच औषध जेमतेम 100 मायक्रोग्रॅम मिळतं, म्हणजे गोळीच्या विसाव्या हिश्श्याहून जास्त नाही. गोळी अंगभर फिरते, हात थरथरवते. पंपातलं औषध थेट नळ्यांत उतरून काही मिनिटांत आराम देतं. तरी ‘पंप एकदा लागला की सुटत नाही’ हे घरोघरी ऐकू येतंच. सुटत नाही तो दमा. मधुमेहाच्या गोळीला कुणी व्यसन म्हणत नाही.

दोन पंप, दोन कामं

एक पंप स्नायू सैल करतो; धाप थांबते, सूज तशीच राहते. दुसरा, बुडेसोनाइडसारख्या स्टेरॉइडचा, सूज उतरवतो. पण त्याचा पुरता गुण यायला काही आठवडे लागतात. लगेच फरक जाणवत नाही म्हणून नेमका हाच बंद केला जातो आणि खिशात फक्त आरामाचा पंप उरतो. खरी धास्ती या सवयीची धरावी. दम्यावरील ‘जिना’ या जागतिक उपक्रमाने 2019 पासून मोठ्यांना आणि किशोरांना नुसत्या सालब्युटामॉलवर ठेवू नये असं सांगितलं आहे. बुडेसोनाइड आणि स्नायू सैल करणारं फॉर्मोटेरॉल एकत्र असलेला एकच पंप आता बऱ्याच जणांना दोन्ही कामांसाठी देतात.

घ्यायची रीत

औषध वाया जातं ते इथे. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा. सावकाश आत ओढायला लागताच दाबा, मग दहा सेकंद श्वास रोखा. दाब आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल, विशेषतः मुलांचा, तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावावा. दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी तर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिक बाटलीचा स्पेसर मुलांवर वापरून पाहिला. तो उपयोगी पडल्याचं त्यांनी 1999 साली मांडलं. रोटाहेलरमध्ये कॅप्सूलची कोरडी भुकटी असते, ती मात्र जोरात आणि खोल ओढावी लागते. स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात बुरशी धरते.

दवाखाना कधी गाठायचा

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही आराम पडत नसेल, तर सकाळची वाट पाहू नये. आरामाचा पंप वाटेतही चालू ठेवावा.