आधी वाचलेलंच ऐका

सकाळी ८
वाचनालय उघडताच पेपर वाचणाऱ्यांची वर्दळ. तेवढ्यात मी आजची ऑडिओ पुस्तकं मोबाइलवर डाऊनलोड करून घेते. पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या कानात आवाज मध्येच अडकला, तर तो माणूस पुन्हा इअरफोनला हात लावत नाही.

९.३०
निवृत्त मुख्याध्यापक काका आले. हल्ली दोन-चार पानांत त्यांचे डोळे चुरचुरतात. तरी "ताई, ऐकणं म्हणजे वाचन नव्हे" हे आहेच. मी वाद घालत नाही. पुलंच्या कॅसेट, वपुंचं कथाकथन त्यांच्या घरी वर्षानुवर्षं वाजलंय. कान तयार आहेत. सुरुवात मी नेहमी वाचून झालेल्या पुस्तकाने करून देते. त्यांना 'श्यामची आई' लावून दिली. १९३५ सालचं हे पुस्तक मुळात सांगण्याचंच: श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आठवणी सांगतो, प्रकरणंही 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशीच. एका बैठकीला एक रात्र पुरते.

थोड्याच वेळात काकांनी इअरफोन काढला. "लक्षच उडालं हो. कुठवर आलं होतं?"

बहुतेक जण इथेच सोडून देतात आणि वर स्वतःलाच दोष देतात. ते मला बघवत नाही. छापील पान वाचतानाही लक्ष उडतंच की, फक्त नजर आपसूक दोन ओळी वर जाते. इथे ते काम बोटाला शिकवावं लागतं. काकांचं बोट उलट्या गोल बाणावर ठेवलं: दाबलं की थोडं मागे. गरज नसतानाही पुन्हा पुन्हा दाबायला लावलं. मग वेग ०.९ वर आणला. "आता कसं!" म्हणाले, आणि रात्र संपेपर्यंत उठले नाहीत.

११
एका आजींना कानात काही घातलेलं खपत नाही. नको तर नको. स्पीकर लावून दिला. मेथी निवडताना ऐकतील.

दुपारी १२ ते ४
वाचनालय बंद. जेवण, आणि नवी पुस्तकं ऐकणं. निवेदकाचा आवाज ऐकल्याशिवाय मी काही सुचवत नाही. आवडत्या पुस्तकाला न रुचणारा आवाज मिळाला तर वाचक दुखावतो. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण, कुंती, शोण आपापली कहाणी स्वतः सांगतात, कानाला ते फार छान लागतं. पण पसारा मोठा. सवय झाल्यावरच देते.

संध्याकाळी ६
लोकलने येणाऱ्यांना पटवावं लागत नाही. गर्दीत पुस्तक उघडायला जागा कुठे?

७.३०
एका काकूंचा रात्री ऐकताना डोळा लागतो, सकाळी पुस्तक कुठल्या कुठे गेलेलं असतं. स्लीप टायमर दाखवला: पंधरा मिनिटांनी बंद, किंवा प्रकरण संपलं की बंद. दोन्ही माझ्यासमोर लावून बघायला सांगितले. काकूंनी दुसरा निवडला. अर्धवट प्रकरणात थांबणं त्यांना छापील पुस्तकातही कधी जमलं नाही.